आतेभावाचं औषध

उंदरांची इतकी अदब राखणारा माणूस आमच्या आतेभावाखेरीज त्रिभुवनात दुसरा सापडायचा नाही. हा मूळचा सोलापूरजवळच्या वळसंगचा, नोकरीला बंगळुरूच्या प्रयोगशाळेत. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन ज्या जागांवर जाऊन बसतं, त्या जागांची चित्रं तो काढतो. उंदरांना भूल देऊन, छोट्याशा स्कॅनरमध्ये. भूल देण्याआधी उंदीर दचकला की ते रसायन हलतं आणि चित्र फसतं, म्हणून तिथं सगळे हळू बोलतात. ती सवय याच्या इतकी अंगात मुरलीय की सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आमच्याकडे येताना रिक्षावाल्याशी घासाघीसही हा कुजबुजत करतो. गणपतीत आधी मूषकाला हात जोडतो. "दादा, आपले साहेब ते," म्हणतो. आमच्या स्वयंपाकघरात उंदीर निघाला तेव्हा बायको ओट्यावर चढली आणि हा पठ्ठ्या कौतुकानं त्याच्या वजनाचा अंदाज बांधत बसला.

मग आत्याला, म्हणजे त्याच्या आईला, कंपवात झाला आणि त्याचं हसणं आटलं. या आजारात डोपामिनच कमी पडतं, हे त्याच्याइतकं घरात कुणाला ठाऊक? पण तो चित्रं काढतो, औषध बनवत नाही, हे काही आत्याला पटेना. सोलापूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तिनं तांदळाच्या डब्यात लपवल्या. "दुसऱ्याचं कशाला खाऊ? माज्या पोराचं येतंय की!" हात असे कापायला लागले की भाकरी मोडता येईना. त्यानं परोपरीनं समजावलं. ती नुसती हसायची. शेवटी हरून त्यानं त्याच गोळ्या एका साध्या बाटलीत भरल्या आणि म्हणाला, "आई, माझं आलं बघ." आत्यानं त्या तीर्थासारख्या घेतल्या. हात जरा स्थिरावला, तशी ती गावभर सांगत सुटली. हा मात्र आमच्या गॅलरीत येऊन रडला. "दादा, मी आईला फसवतोय." मला फार वाईट वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. शेवटपर्यंत पोराचंच औषध घेत होती. माती देऊन आम्ही घरी परतलो, तर शेजारची म्हातारी दारात बसलेली. तिचाही हात कापत होता. ती त्याला म्हणाली, "बाबा, अक्काचं औषध उरलं असंल न्हवं? मला बी दे की."

तो खाली वाकून चपला काढत राहिला. डॉक्टरांचा पत्ता मीच तिला समजावून सांगितला. ती मला "व्हय, व्हय" म्हणत राहिली, पण बघत होती त्याच्याकडेच.