हजेरीतलं माझं नाव

उंद्रीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं सहाच होती आणि माझे बाबा त्यांचे उपदेशक. रविवारी शाळेमागच्या मातीच्या खोलीत उपासना व्हायची. तिथे एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. प्रार्थनेआधी बाबा वहीतून मंडळीतली सगळी नावं वाचायचे आणि ज्याने त्याने उभं राहून ‘हजर’ म्हणायचं. प्रभू परत येईल तेव्हा अशीच नावं वाचील, आतापासून सवय असलेली बरी, असं बाबांचं म्हणणं.

शेवटच्या काळाचा बाबांना ध्यासच होता. तेव्हा एक श्वापद येईल, माणसांच्या कपाळावर छाप मारील आणि छाप नसेल त्याला बाजारात मीठसुद्धा मिळणार नाही, हे ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं. कुणी बैलाला डाग देताना दिसला की माझा हात आपोआप कपाळाकडे जायचा. आपण काही छाप घेणाऱ्यांतले नाही, याची मला भारी घमेंड होती.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी मॅट्रिक झालो आणि बुलढाण्याला मास्तरकीच्या प्रशिक्षणाला जायचंच, असं मनाने घेतलं. अर्ज भरायला शाळेतल्या गुरुजींच्या घरी गेलो. धर्माच्या रकान्याशी त्यांनी माझा हात धरला.

“ख्रिस्ती लिहिलं त सवलत जाईन, अन् सवलतीबिगर तुले जागा भेटत नाही. हिंदू लिही, तुह्या आज्याची जात लिही. कागदच त आहे, बे.”

श्वापदाला शिंगं असतील असं मी धरून चाललो होतो. इथे तर माझ्यावर जीव असलेला माणूस समोर बसला होता आणि स्वतःची दौत माझ्याकडे सरकवत होता. घरी विचारून येतो म्हणालो.

बाबा अंगणात बाजेचं सुंभ ताणत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुले काय वाटते?”

“मले शिकाचं आहे.”

“मंग मले काऊन विचारून राह्यला?”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं आणि जागा मिळाली. वसतिगृहात रविवारी मी कपडे धूत बसायचो. माझ्यासारखे आणखी दोघे तिथे होते हे मागाहून कळलं, पण आम्ही त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही. इतका एकटा मी पुन्हा कधी झालो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो. रविवारी खोलीत आई, एक म्हातारी, बाबा आणि मी, एवढेच होतो. काही घरं कामासाठी गाव सोडून गेली होती, बाकीच्यांनी यायचं सोडलं होतं. बाबांनी वही उघडली. न आलेल्यांचीही नावं ते वाचत होते आणि प्रत्येक नावानंतर थोडं थांबत होते. मग माझं नाव आलं.

मी त्यांच्यापासून चार हातांवर बसलो होतो. उठावंसं फार वाटलं, पण उठवेना. बाबांनी मान वर केली नाही. निघून गेलेल्यांसाठी जेवढं थांबले, तेवढंच माझ्यासाठी थांबले. मग यादीतलं शेवटचं, स्वतःचं नाव वाचलं, वही खाली ठेवली, उभे राहिले आणि म्हणाले, “हजर.”