दिवसाची लाईट

"सहा महिन्यांत चौथा ताप. आता कायमची नळी घालू," डॉक्टर म्हणाले.

समोर व्हीलचेअरवर संपत. बोरी बुद्रुकचा शेतकरी. चिंचेवरून पडून मणका मोडलेला, कमरेखाली संवेदना नाही. अशा माणसाला लघवी लागल्याचं कळत नाही आणि मूत्राशय आपोआप रिकामं होत नाही. म्हणून दर चार तासांनी पातळ नळी, म्हणजे कॅथेटर, स्वतः घालायची, लघवी काढायची आणि नळी बाहेर. नर्स म्हणून हे शिकवणं माझं काम. कायमची नळी पिशवीला जोडलेली आतच राहते. जंतूंनाही आत जायला कायमचा रस्ता मिळतो.

"पिशवी लावून मी शेतात न्हाई जायचा," संपत म्हणाला. "मग घरातच बसवा मला."

"सर, दोन आठवडे द्या," मी म्हटलं.

"आणि इन्फेक्शन किडनीत गेलं तर?"

"ताप आला तर त्याच दिवशी मी स्वतः कायमची नळी घालते."

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. नळी घालताना पाहिलं. हात तो आमच्या काही स्टाफपेक्षा चांगले धुतो. नळी स्वच्छ, डबा झाकणाचा. चूक सापडेना. चूक सापडली नाही की मला घरी जाववत नाही.

संपतची बायको मंदा तापाच्या दिवसावर कॅलेंडरमध्ये फुली मारायची. त्याच कॅलेंडरवर पेन्सिलीने 'दि' आणि 'रा' लिहिलेलं.

"हे काय?"

"लाईटीचं हाय. मोटरीची थ्री फेज आठ तास असती, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातच्याला. रातच्याला भाऊजी जात्यात मोटरीवर, दिवसा हे."

चारही फुल्या 'दि'च्या आठवड्याच्या शेवटी होत्या.

"भाऊ, दिवसा शेतात काय करता?"

"ठिबकचे कॉक फिरवतो."

"आणि नळी?"

"घरी आल्यावर."

"म्हणजे कधी?"

"लाईट गेल्यावर."

"आठ तासांनी?"

"शेजारी बाया कांदं खुरपत्यात, ताई. उघड्यावर कसं करू? म्हणून पाणीच पित न्हाई. पाणी न्हाई तर लघवी न्हाई!"

"ह्यांना वाटतं, आत बी कॉक बसवलाय," मंदा म्हणाली.

पाणी तोडलं तरी लघवी थोडी थोडी साठतच राहते, फक्त गडद होते. आणि साचली की जंतू वाढतात.

"डबक्याला शेवाळ कधी येतं?" मी विचारलं.

"पाणी हाललं न्हाई की," तो म्हणाला.

विहिरीजवळ मोटरची खोली होती, पण दारातून व्हीलचेअर जात नव्हती. संपतच्या भावाने दोन दिवसांत चौकट काढून दार रुंद केलं. आत फळी ठोकली. तिच्यावर साबण, घरचं पाणी, नळीचा डबा. मोबाईलवर अकरा आणि तीनचा अलार्म. पाणी पिणं पुन्हा सुरू.

दिवसाच्या लाईटचा पुढचा आठवडा गेला. ताप नाही. डॉक्टरांनी पिशवीचा विषय काढला नाही. नंतरच्या वर्षभरात एकदाच ताप आला, पुतण्याच्या लग्नानंतर. कारण संपतने फोनवर स्वतःच सांगितलं : मांडवात अलार्म बंद केला होता.

आमच्या केसपेपरवर नळीचा नंबर, पाण्याचं प्रमाण, सगळं छापलेलं आहे. खाली मी पेनाने एक प्रश्न वाढवते : दिवसाची लाईट कधी असते? पहिल्यांदा डॉक्टरांनी तो खोडला होता. आता मी विसरले तर तेच विचारतात.