अठ्ठेचाळीस सेकंदांची वकिली

माझी मावशी वकील आहे. एरवी ती खरेदीखतं आणि भाडेकरूंची भांडणं सांभाळते. बुधवारी मात्र फी न घेता विधिमंडळाच्या इमारतीत लिफ्टने वर-खाली करते. कोर्टातले सहकारी म्हणतात, बाईंची प्रॅक्टिस हल्ली लिफ्टमध्येच जोरात आहे.

लिफ्टची युक्ती तिला अनुभवाने सुचली. बायकांच्या आरोग्याचा विषय निघाला की सदस्यांना नेमका फोन येतो, बैठक आठवते, नाहीतर जिना दिसतो. लिफ्टमधून पळता येत नाही. तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. मावशीने आपलं तीन पानी निवेदन कापून कापून तेवढ्यात बसवलं. तालमी घरी व्हायच्या. काका फ्रिजला पाठ टेकून सदस्य व्हायचे आणि ती ऐन मुद्द्यावर आली की, माझा मजला आला, असं म्हणून बाहेरच्या खोलीत निघून जायचे. ही भूमिका त्यांना जरा जास्तच आवडली होती.

मागणी तशी एका ओळीची होती. सज्ञान बाईच्या ऑपरेशनला तिची स्वतःची सही पुरे. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘पतीची सही’ असा रकाना होता आणि आमच्या समोर राहणाऱ्या शिवणवाल्या ताईंचा नवरा सहा वर्षांपूर्वी पत्ता न ठेवता निघून गेला होता. ताईंच्या गर्भाशयात गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सहा महिन्यांच्या वर थांबू नका. नियम बदलणाऱ्या समितीची मात्र वर्षभरातली एकच बैठक उरली होती. ताई मशीनवर बसताना पोटाशी उशी धरायच्या.

“सही शिवता आली असती, तर कधीच शिवली असती,” त्या म्हणायच्या.

समितीचे अध्यक्ष नुकतेच बदलले होते आणि त्यांचा फोटो अजून भिंतीवर लागला नव्हता. करड्या कोटातले एक गृहस्थ दर बुधवारी लिफ्टमध्ये शिरायचे आणि चौथ्या मजल्यावर अध्यक्षांच्या खोलीचं कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडायचे. मावशीने हिशेब केला आणि त्यांनाच धरलं. अकरा बुधवार तिने त्यांना तेच ऐकवलं. ते मान खाली घालून मन लावून ऐकायचे. घरी येऊन ती सांगायची, अध्यक्ष वळतायत.

बैठकीच्या दिवशी तिच्याबरोबर मीही मागच्या बाकावर होते. अध्यक्षांच्या खुर्चीत एक टकले, अनोळखी गृहस्थ येऊन बसले. करडा कोट त्यांच्या शेजारी कागद लावत उभा होता. तो त्यांचा टंकलेखक होता.

मावशीने डोळे मिटले. तिला अध्यक्षांपेक्षा ताईंची उशी दिसत असावी.

शेवटचा विषय आला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. अध्यक्षांनी तो पुढच्या वर्षावर ढकलायला पेन उचललं. टंकलेखक खाकरले आणि म्हणाले, साहेब, याला अठ्ठेचाळीस सेकंद लागतात. परवानगीची वाट न पाहता त्यांनी सुरुवात केली. मावशीचे शब्द, मावशीचे थांबे, दुसऱ्या मजल्यावर लिफ्टला बसणाऱ्या हिसक्यापाशी ती घ्यायची तो श्वाससुद्धा. शेवटी, समोर लिफ्ट नसताना, तेही अगदी गंभीरपणे म्हणाले, “दार उघडायच्या आत एवढंच सांगते.”

हरकत घ्यायची तर आणखी बसावं लागलं असतं. कुणी घेतली नाही. अध्यक्षांनी उचललेल्या पेनाने सही केली.

बाहेर मावशीने टंकलेखकांना विचारलं, मी तुम्हाला अकरा वेळा साहेब म्हटलं, एकदा तरी सांगायचंत.

“सांगणार होतो,” ते म्हणाले. “दर वेळी माझा मजला यायचा.”

काका यावर आठवडाभर हसत होते.

दोन महिन्यांनी ताई दवाखान्यात दाखल झाल्या. नवे फॉर्म छापून आले नव्हते, म्हणून खिडकीतल्या बाईंनी जुन्याच फॉर्मवरचा पतीचा रकाना पेनाने खोडला आणि ताईंना सहीची जागा दाखवली. ताईंनी फॉर्म डोळ्यांसमोर धरला. मावशीचा जीव टांगणीला लागला.

“रेघ वाकडी गेलीय,” ताई म्हणाल्या. त्यांनी पट्टी मागून घेतली, तो रकाना पुन्हा सरळ रेघेने खोडला आणि मग सावकाश, पूर्ण नावाची सही केली.