काकांचा पंखा
इन्व्हर्टरच्या तापलेल्या बॅटरीचा वास आला की गोरखपुरातली मे महिन्यातली ती दुपार आठवते. ऑफिसनं लॅपटॉप देऊन आम्हाला घरी बसवलं होतं. लाइट गेली तर काय, हे कोणी विचारलंच नव्हतं. नववीत शाळा सुटलेली, गाव दूर, ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार, या धास्तीत मी ग्राहकांचे फोन घेत होते, आणि लाइट गेली. माझ्याच मुलखातून येऊन तिथं स्थायिक झालेल्या घरमालकीण काकूंच्या लहानशा इन्व्हर्टरवर अंथरुणाला खिळलेल्या काकांचा पंखा चाले. काकूंनी तो बंद करून माझ्या कामासाठी घरचा राउटर लावला. “काकू, पंखा काहून काढला?” “तू काम कर. मी वारा घालून राहिली ना यांना!” तेवढ्यात साहेब कॉलवर आले. “पीछे कौन बोल रहा है? घर का माहौल प्रोफेशनल रखिए.” माझा तोल सुटला. “सर, आपका सिर्फ लॅपटॉप है. लाइट, नेट, टेबल, सब इनका है. आप इन्व्हर्टर भेजिए, माहौल मैं बना दूँगी.” “म्यूट कीजिए,” ते म्हणाले. नोकरी हवी होती, मी म्यूट केलं. शेजारच्याच खाटेवर काका घामानं भिजले होते. पुढं साहेबांनी सगळ्यांना मेल पाठवली, घरून कामामुळे कंपनीची वीज वाचली, अभिनंदन! काकूंचे उपकार मी जन्मभर मानीन. पण ते ‘अभिनंदन’ आठवलं की आजही अंगाची आग होते.