चार नंबरची पाटी

सहाच इंजिनं होती त्या जातीची. अरुंद रुळांवरची, बुटकी, चढ आला की दमेकऱ्यासारखी धापा टाकणारी. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्यांतलं चार नंबरचं सगळी नोकरी हाकलं. नव्वद सालाच्या सुमारास वाफेची इंजिनं बंद झाली, ते निवृत्त होऊन मंगळवार पेठेत आले, पण घरात जीव रमेना. त्यात काचबिंदू. "डोळं जायच्या आत एकदा माझं इंजिन दाव," एवढंच मागणं.

मी शाळेत इतिहास शिकवायची. म्हटलं, सहाही इंजिनांचा इतिहासच लिहून काढते. पायाला भिंगरी लागली. सुट्टी आली की हातकणंगल्याचे थकलेले फायरमन गाठ, मिरजेचे फिटर गाठ, भंगारवाल्यांशी भांड. वहीत एकेक नंबर 'भंगारात' म्हणून जात होता. अखेर कळलं, चार नंबर एका बागेत रंग देऊन उभं केलंय. रविवारपर्यंत धीर धरवेना. रजा टाकून अण्णांना एसटीत बसवलं.

त्यांनी आधी पितळी पाटीवरून बोटं फिरवली. चार. हसले. मग वर चढून वाफ सोडायचा दांडा धरला आणि मान हलवली.

"ह्ये माझं न्हाय. माझ्या दांड्याला मी खाच पाडलीती."

"पाटी तर चारचीच आहे की!" मी ओरडलेच.

मग अण्णांनी खालमानेनं सांगितलं. नोकरीतल्या शेवटच्या खंडेनवमीला त्यांचं इंजिन दुरुस्तीला पडलेलं. "पूजेला माझा नंबर न्हाय म्हंजे काय? पाटी काढली, दोन नंबरला लावली. त्याची माझ्याला. परत बदलायचं ऱ्हाऊनच गेलं, इसरलोच मी. आता दोन नंबर, म्हंजे माझं, कुठं हाय, वहीत बघ की."

दोन नंबरपुढे माझ्याच अक्षरात 'भंगारात' होतं. "पत्ता लागला नाही अजून," मी म्हणाले. संताप आला होता, त्यांचा, पाटीचा आणि त्या वहीचाही.

दोन हजार सालानंतर नजर पार गेली. तरी रोज सकाळी चहाबरोबर, "दोन नंबरचं काय झालं?" मला ऐकवेना. शेवटी त्यांना पुन्हा त्याच बागेत नेलं नि म्हटलं, "सापडलं बघा दोन नंबर." खाच नाही म्हणाले, तर दांडा बदललाय असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं.

ते दांड्यावरून बोटं फिरवत राहिले. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. पाटीला हात लावलाच नाही.

"व्हय, ह्येच की," म्हणाले, आणि चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लई वणवण केलीस पोरी. आता बस घरात."