वाजंत्र्याकडे तोंड, मांडवाकडे पाठ

आमच्या भागात लग्न कुठे लागणार हे पत्रिकेवर छापलेलं असतं, पण नवरदेव खरोखर कुठे पोचेल हे माझ्या नणंदेच्या यजमानांच्या पाठीवर ठरतं. हे मी गमतीने लिहीत नाही. परण्या निघाला, म्हणजे नवरदेव मारुतीच्या देवळापासून घोड्यावर बसून मांडवाकडे निघाला, की त्याच्यापुढे वाजंत्री आणि वाजंत्र्यांपुढे नाचणारे, असा आमच्याकडचा क्रम आहे. घोडा बँडच्या मागे जातो, बँड नाचणाऱ्यांच्या मागे जातो, आणि सगळ्यांच्या पुढे आमचे हे जावईबुवा उलटे चालत असतात. तोंड वाजवणाऱ्याकडे, पाठ मांडवाकडे. ज्याने अख्ख्या लग्नाला रस्ता दाखवायचा, तोच रस्त्याकडे पाठ करून नाचतो. यंदा उन्हाळ्यात माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा हॉल, आचारी, पाण्याचा टँकर ही सगळी कामं मी वेळेत उरकली. अडकलं ते एकच: हे जावई, म्हणजे माझे भाऊजी, परण्यासमोर नाचणार की नाही. घरातले थोरले जावई भाच्याच्या लग्नात नाचले नाहीत, तर आमच्या भाऊबंदांत ती बातमी लग्नापेक्षा मोठी झाली असती.

भाऊजी जानेफळचे. सत्तरीकडे आलेले, अंगाने काटक, शेतात सोयाबीन आणि तूर, डोक्यावर टोपी आणि खिशात कायम एक पांढरी दस्ती, म्हणजे हातरुमाल. मी मेहकरला एका शाळेच्या कार्यालयात काम करते, कुठलीही गोष्ट कुठल्या तरी खणात बसवल्याशिवाय मला चैन पडत नाही, पण त्यांचा नाच मला आजवर कुठल्याच खणात बसवता आलेला नाही. ती लेझीम नाही, कारण हातात लेझीम नाही. पावली नाही, कारण दोन पावलं कधी सारखी पडत नाहीत. पोरं वरातीत जमिनीवर लोळून नागिणीसारखी वळवळतात, तसलं तर मुळीच नाही. उजवा हात वर, त्यात दस्ती, डावा हात कमरेवर, गुडघे जरा वाकलेले, आणि पाय असे पडतात की चिखलात चप्पल रुतली आहे आणि ती कुणाला न कळू देता शोधायची आहे. शिवाय ठेक्याच्या किंचित मागे. बाकीचे नाचणारे खाली आले की हे वर, ते वर गेले की हे खाली. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस शेजारच्या गावच्या वरातीत नाचतोय. तरीही बघवत राहतं, आणि का बघवतं हे मला कधी उमगलं नाही.

दुसरबीडच्या लग्नाची गोष्ट तर आमच्या घरात दर दिवाळीला निघते. माझ्या चुलत दिराचं लग्न होतं आणि गावात त्याच दिवशी दोन मांडव पडले होते. भाऊजी रंगात आले आणि आमच्या मांडवाचं वळण सोडून तसेच उलटे सरळ गेले. त्यांच्यामागे बँड, बँडमागे घोडा, घोड्यावर मुंडावळ्या आणि बाशिंगाआड तोंड झाकलेला आमचा नवरदेव. पुढे दुसरी कमान लागली. तिथल्या बायका तबक घेऊन केव्हाच्या उभ्या होत्या. त्यांनी नवरदेवाला खाली उतरवलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि होणाऱ्या सासूबाईंनी तोंडात पेढा घातला. पेढा घालायला बाशिंग बाजूला केलं तेव्हा त्या किंचाळल्या, "अवो, हा आपला नाही!" आमचा नवरदेव पेढा गिळून म्हणाला, "मंग मी कोनाचा?" बिचाऱ्याला खरोखरच कळत नव्हतं. तोवर आमचे व्याही धोतर सावरत धावत आले आणि भाऊजींना म्हणाले, "पाहुणे, लगन तिकडं हाय ना!" भाऊजी हसून म्हणाले, "हाव," आणि नाचतच राहिले. बँडवाल्याच्या हातातला ताशा काढून घेतला तेव्हा कुठे थांबले.

हे 'हाव' म्हणजे त्यांचा स्वभावच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कशालाही हसून हाव. एकदा पेरणीच्या दिवशी सकाळीच दोन शेजारी त्यांच्या अंगणात हजर झाले, कारण दोघांनाही त्यांनी एकाच दिवसासाठी बैलजोडी कबूल केली होती. दोघं एकमेकांना शिव्या देत होते आणि भाऊजी मधे उभे राहून दोघांनाही हाव म्हणत होते. "लई भोळा मानूस," असं गाव म्हणे. वाजंत्र्यांच्या बाबतीत मात्र हा भोळा माणूस फार चोखंदळ. सनई नको, क्लॅरिओनेट नको, त्यांना ताशा लागायचा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "वहिनी, सनईत पाहाले काय असते?" गाणं बघायचं असतं हे मला नवीन होतं. ताशेवाल्यावरही त्यांची सारखी दमदाटी चालायची, "हात वर घे बे, पोटापाशी काय वाजवून राह्यला चोरावानी!" मला वाटे, असेल काही तरी जुनी रीत.

तर लग्न. बँडची चौकशी केली तेव्हा कळलं की आमचा नेहमीचा बँडवाला बँड मोडून डीजेची गाडी चालवतो. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला तेच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. गाडीला चाकं असतात, ती ठरल्या रस्त्याने ठरल्या वेळी जाते, आणि कुणाच्या पाठीवर अवलंबून राहत नाही. पण आठ दिवसांत ताईंचा, म्हणजे नणंदेचा, फोन आला. "ते परन्यात येत नाही म्हनतेत. मांडवात बसून राहीन म्हनतेत." माझे यजमान खुर्चीत बसले ते उठेनात. म्हणाले, "झालं. भाऊजी रुसले." ज्या माणसाला चुकीच्या मांडवात नेऊन बसवलं असतं तरी राग आला नसता, तो रुसला कशावर, हे काही केल्या कळेना. आहेर ताईंना दाखवून घेतला होता, पत्रिकेत नाव सगळ्यात वर होतं, आमंत्रणाला आम्ही दोघं जातीने गेलो होतो.

मी नारळ, टॉवेल-टोपी घेऊन एकटीच एसटीने जानेफळला गेले. भाऊजी ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मी समोर बसले आणि एकेक मुद्दा घेतला. मानपानात काही राहिलं का? "हाव." म्हणजे राहिलं? "हाव." मग काय राहिलं? हसले, शेंगांची मूठ माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "खा ना." मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "भाऊजी, पोराच्या लग्नात नाचाल ना?" "हाव!" मी हुश्श केलं, तेवढ्यात ताई आतून हात पुसत बाहेर आल्या.

"कशाचं हाव घेऊन बसली? तू काय इचारलं तेच त्याईले समजलं नाही."

"म्हणजे?"

"ऐकू येत नाही ना त्याईले. लगन झालं तवा अर्धं येत होतं. आता काहीच नाही."

मी भाऊजींकडे बघितलं. ते ताईंच्या ओठांकडे बघत होते आणि पकडल्या गेलेल्या माणसासारखे हसत होते.

"मग इतकी वर्षं नाचले कसे?"

"हात पाहून. ताशेवाल्याचा हात खाली आला की याईचा पाय खाली येते. म्हनून तर उलटे चालतेत." ताई खाली बसल्या. "मशीन आनलं होतं कानाचं. दोन दिवस घातलं न् काढून ठेवलं. म्हने, त्यात तुहाच आवाज लई येते."

भाऊजींना विषय कळला असावा. छातीवर हात ठेवून ते मला म्हणाले, "वहिनी, ते डीजे इथं वाजते. धडधड होते. मले वाटते बीपी वाढला. पन कवा नाचाचं ते कसं समजीन? गाडीले हात असतेत का?" मग खाली बघून शेंगा सोलत म्हणाले, "भाच्याच्या लग्नात लोक हासतीन. त्याच्यापरीस मी आपला मांडवात बरा."

परतीच्या एसटीत मी विचार केला. डीजे रद्द होणार नव्हता, विसार दिलेला होता आणि पोरगं ऐकणार नव्हतं. मग हात तेवढे आणायचे. लोणारला एक ताशेवाला सापडला, आता ऑटो चालवणारा. त्याला गाठून काम सांगितलं तेव्हा त्याने ऑटो बंद केला आणि मला नीट बघून घेतलं.

"डीजेसमोर ताशा? बाई, कोनाले ऐकू येईन?"

"कुणालाच नाही. ऐकू यायची गरज नाही."

"मंग मले बोलावता काऊन?"

"दिसायला. हात मात्र वर ठेवायचे."

त्याने होकार दिला, पण जाताना शेजारच्या ऑटोवाल्याला डोक्याकडे बोट दाखवून काही तरी सांगितलं, ते मी पाहिलं.

लग्नाच्या दिवशी परण्या निघाला. डीजेच्या आवाजाने दुकानांची शटरं थरथरत होती. गाडीच्या पुढे ताशेवाला उभा, हात खांद्याइतके वर, आणि टिपऱ्या पडत होत्या तरी आवाज शून्य. मुलगा घोड्यावरून वाकून माझ्या कानात ओरडला, "आई, हा माणूस काय करतोय?" मी ओरडून म्हटलं, "वाजवतोय!" त्याला ते पटलं नाही. भाऊजी कडेला, ताईंजवळ, खिशात हात घालून उभे होते. ताशेवाल्यावर नजर पडली, तशी दस्ती खिशातून बाहेर आली. आधी नुसतीच हातात राहिली. मग गर्दीतून वाट काढत ते पुढे आले, त्याच्यासमोर तोंड करून उभे राहिले आणि हात वर गेला.

पोरं हसली. हसणारच. डीजेचं गाणं एकीकडे, भाऊजींचे पाय तिसरीकडे, आणि माझे यजमान मला विचारत होते की हे असं बरं दिसतं का. तेवढ्यात जनरेटर बंद पडला.

एकदम इतकं शांत झालं की घोड्याचं फुरफुरणं ऐकू आलं. नाचणारी पोरं हात वर असतानाच थांबली. आणि त्या शांततेत ताशा होता, एकटा, कडकडीत. तो मघापासून वाजतच होता, आम्हाला आत्ता ऐकू आला. भाऊजी नाचत होते. त्यांना काही बंद पडल्याचा पत्ताच नव्हता. टिपरी पडली की पाय पडत होता, टिपरी थबकली की गुडघा थबकत होता, दस्ती नेमकी त्या जागी फिरत होती जिथे ती फिरायला हवी. कुठेही मागे नाही, कुठेही पुढे नाही. चिखल नाही, चप्पल नाही. हसणाऱ्या पोरांनी हळूहळू हात खाली घेतले. ताशेवाल्याचा चेहरा बदलला, त्याने ठेका चढवला, भाऊजींनी तो बरोबर उचलला. ताई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

मग जनरेटर सुरू झाला, डीजे गर्जला, पोरं पुन्हा नाचायला लागली आणि ताशा पुन्हा कुठे तरी बुडून गेला. मांडवाच्या दारापाशी भाऊजी घामाघूम होऊन माझ्याजवळ आले आणि कानाशी ओरडून म्हणाले, "वहिनी, बाजा मस्त होता. पन मधातच लोक असे उगेमुगे काऊन उभे राह्यले होते? काही झालं का?"

सांगायचं म्हटलं तरी डीजेच्या त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नसतं. मी नुसती मान हलवली. त्यांनीही हलवली. काय समजले, कोण जाणे.