शांत झोपेत गेली म्हणे

माझ्या जाऊबाई, सुलभावैनी, गेल्या त्या दुपारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला कुकटपल्लीला मुलाकडे होते. माझ्या थोरल्या दिरांचा, दादांचा फोन आला. दादा फोनवर कधी दोन वाक्यं सलग बोलत नाहीत, त्या दिवशी तर एकच शब्द बोलले. "ये." मागे कुणीतरी रडत होतं. पुढचं त्यांच्या हातून फोन घेऊन माझ्या नवऱ्याने सांगितलं. जेवण करून वैनी जरा आडव्या झाल्या, दादा नेहमीसारखे दुकानात गेले, चहाच्या वेळेला परतले तेव्हा हाक मारूनही उठल्या नाहीत... मेट्रोत मला बसायला जागा मिळाली, पण बसवेना. उठायचं, दारापाशी जायचं, परत यायचं. नारायणगुड्याच्या घरी पोचले तेव्हा शेजारच्या बायका जमल्या होत्या आणि जी ती माझ्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणत होती, "भाग्याची हो, शांत झोपेत गेली." पहिलीला मी मान डोलावली. नंतर मात्र स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. कारण शांत झोप म्हणजे काय हे या बाईला निम्मं आयुष्य ठाऊकच नव्हतं, आणि ती मिळवण्यासाठी तिने काय काय केलं ते त्या खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

मी पुण्याची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा इथलं मराठी ऐकून बावचळले होते. वैनींचा जन्म गौलीगुड्यातला, माणसं मूळची मराठवाड्याकडची. त्यांच्या बोलण्यात "हौ" आणि "नक्को" इतक्या सहज यायचे की काही दिवसांत माझ्याही तोंडी बसले. घरचं भांड्यांचं दुकान गौलीगुड्यात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. माल आणि हिशेब दादांकडे, आणि भांड्यांवर नावं घालायचं काम वैनींकडे. मशीनची सुई हातात धरली की त्यांचा चेहरा बदलायचा, ओठ मिटलेले, जीभ किंचित बाहेर. मराठी, तेलुगू, हिंदी, शेजारच्या अत्तरवाल्याच्या बायकोकडून शिकलेली उर्दू... मागाल त्या लिपीत नाव. रुखवताची भांडी घ्यायला आलेल्या आईला त्या हमखास विचारायच्या, "नाव आत्ताचं घालू का लग्नानंतरचं?" आणि ती अडखळली की स्वतःच म्हणायच्या, "आत्ताचंच घालूया. तुम्ही ठेवलेलं आहे ते. कुठंतरी राहू दे."

या बाई घोरायच्या. साधंसुधं नव्हे. नवी नवरी असताना मला वाटलं होतं की वरच्या मजल्यावर पाण्याची मोटर चालू राहिलीय, आणि सकाळी मी भाबडेपणाने तसं बोलूनही दाखवलं. सगळे हसले, वैनीही हसल्या. आमच्या सासऱ्यांचं घोरणंही काही कमी नव्हतं, पण ते कौतुकाने सांगितलं जायचं, पाहुण्यांना आवाज काढून दाखवला जायचा. बाईच्या घोरण्याचं कौतुक कोण करणार? ते झाकायचं असतं. मग नांदेडला एका लग्नात बायकांची निजायची सोय मोठ्या हॉलमध्ये होती, आणि कुण्या पोरीने वैनींचं घोरणं मोबाइलवर टिपून सकाळी पोह्यांच्या पंगतीत सगळ्यांना ऐकवलं. हशा पिकला. वैनींनी पोहे संपवले, ताटली धुऊन ठेवली, "मस्त आलंय ग रेकॉर्डिंग" असंही म्हणाल्या. पण त्यानंतर त्या कुणाच्या घरी मुक्कामाला राहिल्या नाहीत. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. लोक म्हणायचे, दुकान सुटत नाही बाईंना.

उपाय मात्र त्यांनी एकही सोडला नाही. नाकात गाईचं तूप झालं, वेखंड झालं, रात्रीचा भात बंद झाला, मग रात्रीचं जेवणच बंद झालं. कुणीतरी सांगितलं की पाठीवर निजलं की घोरणं वाढतं, तर त्यांनी गाउनच्या पाठीला आतून कप्पा शिवून त्यात रबरी चेंडू घातला. कूस बदलताना चेंडू टोचायचा, जाग यायची, घोरणं थांबायचं आणि झोपही. सकाळी मला म्हणाल्या, "अगं, रात्रभर क्रिकेट खेळल्यासारखं अंग दुखायलंय." नाकाला लावायची क्लिप आणली, ती शिंकेसरशी कपाटाखाली गेली. उशा चढवत चढवत शेवटी त्या आरामखुर्चीत बसून झोपायला लागल्या. आम्ही दोघी हसायचो. हसता हसता त्यांचे डोळे मिटायचे... भाजी निवडताना, देवळात कीर्तनाला, अगदी समोरचा माणूस बोलत असताना. "वय झालं," असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

या सगळ्यात खरी किंमत मोजली ती मंजिरीने, त्यांच्या लेकीने, आणि तिला ते माहीतही नव्हतं. मंजिरी बेंगळुरूला असते. तिचं दुसरं बाळंतपण तिथेच झालं. आईने यावं म्हणून ती हट्ट करत होती. वैनींनी डिंकाचे लाडू पाठवले, बाळंतविडा पाठवला, बाळाच्या वाटीवर स्वतः नाव घातलं, पण गेल्या नाहीत. लगीनसराई आहे, दुकान सोडता येत नाही म्हणाल्या. खरं मला ठाऊक होतं. लहान फ्लॅट, एका भिंतीपलीकडे व्याही-विहीण. "त्या पोरीला सासरी मान आहे," त्या मला म्हणाल्या होत्या, "माझ्या आवाजानं तो घालवू का?" मंजिरीचे फोन हळूहळू दिवाळी-पाडव्यापुरते उरले. फोन ठेवल्यावर वैनी उगाच घरभर फिरायच्या, डबे पुसायच्या, पुसलेलेच पुन्हा पुसायच्या.

मग ती पितळी घागर. जुन्या शहरातल्या एक बाई मुलीच्या लग्नासाठी घेऊन गेल्या होत्या आणि नाव घालायला परत आल्या. वैनी सुई चालवत होत्या, मी बाजूला बसून पिशव्यांच्या घड्या करत होते. एकाएकी आवाज बदलला. बघते तो वैनींची मान खाली गेलेली आणि सुई मुलीच्या नावावरून घसरत घागरीच्या पोटावरून थेट खालपर्यंत. बाई ओरडल्या, "अम्मा, ये क्या कर दिए आप? शादी का बर्तन है!" दादांनी धावत येऊन मशीन बंद केलं, नवी घागर दिली, हात जोडले. वैनींच्या अंगठ्याजवळ कातडं सोललं होतं, तेही त्यांना कळलं नव्हतं. घरी येताना रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मेधा, हातात मशीन चालू होतं नि मी झोपले. इतके दिवस लाज वाटायची ग. आता भीती वाटायली."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तेलुगू बाई, वयाने लहान, बोलायला मऊ. वैनींनी सगळं सांगितलं, तूप, चेंडू, खुर्ची, काही लपवलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि दादांकडे वळून हिंदीत विचारलं, "घोरता घोरता आवाज मध्येच बंद पडतो का?" मला वाटलं, दादा नेहमीसारखे माझ्याकडे बघतील. पण ते म्हणाले, "बंद पडता. साँसही रुकती. मैं हाथ लगाता, फिर चालू होती." किती दिवसांपासून, असं बाईंनी विचारलं. दादांनी खांदे उडवले. "हमेशा से." घोरणाऱ्या सगळ्याच माणसांचं असं होतं आणि घरातल्या कुणीतरी असा हात लावायचा असतो, असं ते धरून चालले होते. वैनी त्यांच्याकडे वळल्या. "म्हणजे तुम्ही झोपत नव्हता?" दादा म्हणाले, "झोपायचो की. मधून मधून."

झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला तारा लावलेल्या वैनी आरशात बघून म्हणाल्या, "सगळ्या गौलीगुड्याला मीच करंट पुरवणार आज." डॉक्टरीणबाईंना वाटलं होतं तेच निदान झालं. श्वास वारंवार अडतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस झोपलेला दिसतो पण झोपत नाही. रात्री नाकावर मास्क बांधून हवा सोडणारं मशीन लावायचं. पहिले काही आठवडे त्या मशीनशी भांडणच होतं. मास्क टोचायचा, तोंड कोरडं पडायचं, पहाटे मास्क पलंगाखाली सापडायचा. "हे तर चेंडूपेक्षा वाईट," म्हणायच्या. मास्क बदलला, पट्टे सैल केले, पुन्हा आवळले, डॉक्टरांकडे खेपा झाल्या. आणि मग एका सकाळी त्या जिना उतरून माझ्याकडे आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मेधा, डोकं हलकं आहे. असं असतंय का लोकांचं सकाळी? रोज?"

त्यानंतर त्या बेंगळुरूला गेल्या, मशीनची बॅग छातीशी धरून. तिथे काय झालं ते मंजिरीनेच मला दिवसकार्याच्या वेळी सांगितलं. आईने आल्या आल्या सगळ्यांसमोर मशीन काढून दाखवलं आणि आधी न येण्याचं कारण सांगून टाकलं. मंजिरी चिडली. "घोरतेस म्हणून आली नाहीस? आई, मला वाटलं, मीच नकोशी झाले तुला!" भांडण झालं, रडारड झाली, आणि नातीने आजीच्या खोलीत निजायचा हट्ट धरला. मास्क लावलेली आजी तिला हत्तीसारखी दिसायची म्हणे. हे सांगताना मंजिरी हसत होती आणि साडीचा पदर बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होती.

आता काही आठवडे झालेत, पण घर अजून जागेवर बसलेलं नाही. त्या दुपारी वैनींनी मशीन लावलं नव्हतं. दुपारची डुलकी त्या तशीच काढायच्या. दादा डॉक्टरीणबाईंना भेटून आले, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्यांनी समजावलं की हृदय आधीपासूनच थकलेलं होतं, त्या दुपारी मशीन असतं तर काय झालं असतं ते कुणीच सांगू शकणार नाही. खरं बोलल्या, पण खऱ्याने माणूस निवतोच असं नाही. जेवण झालं की दादा आता खोल्यांमधून फेऱ्या मारतात. "मी दुकानात होतो," एवढंच म्हणतात. मी "तुमचा काय दोष?" म्हणते, ते मान हलवतात आणि पुन्हा चालू लागतात... मलाही रात्री धड झोप नाही. नवऱ्याचा श्वास ऐकत पडते.

दुकानात मी अधूनमधून जाऊन बसते. शेवटच्या दिवसांत वैनींनी तिथे एक नवाच उद्योग मांडला होता. गिऱ्हाइकाने जांभई दिली की त्या सुई बाजूला ठेवून सरळ विचारायच्या, "रात को खर्राटे आते क्या?" बायकांना तर हमखास. बाया लाजायच्या, काही रागवायच्या, काही मात्र खुर्ची ओढून बसायच्या. दादांना हे अजिबात रुचायचं नाही. असा विषय निघाला की ते आतल्या गोदामात निघून जायचे आणि गिऱ्हाईक गेल्यावरच बाहेर यायचे.

गेल्या आठवड्यात एक जोडपं कुकर घ्यायला आलं. बायको झाकणं लावून बघत होती, नवरा स्टुलावर बसल्या बसल्या झोपला. मान छातीवर, तोंड उघडं. बायको ओशाळली. "रात भर तो सोते, फिर भी देखो ना..." मी काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात दादा गल्ल्यावरून उठले. मला वाटलं, गोदामात जातील. ते काउंटरला वळसा घालून तिच्याजवळ आले.

"अम्मा, खर्राटे लेते क्या ये?"

"भौत, अंकल. मैं तो बाजू के कमरे में सोती."

"बाजू के कमरे में नक्को सोओ," दादा म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. "आवाज से कुछ नहीं होता. आवाज बंद हुई ना, तब उठ के देखना. हाथ लगा के देखना."